हात पिवळे

मिनी पोकलेन घ्यायचं ठरवल्यापासून दोन महिने मी फक्त माहितीपत्रकं वाचत होतो. (एक्स्कॅव्हेटर हा शब्द मी कागदोपत्री लिहितो, तोंडाने पोकलेनच. मुळात ते एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे, हे सांगून आजवर एकाही माणसाचं माझ्याबद्दलचं मत सुधारलेलं नाही.)

काम माझं छोटं. पायाचे चर, ड्रेनेजची लाइन, झाडांचे खड्डे, मधूनच कुणाला बागेत तळं हवं असतं. दीड टनाचं मशीन सव्वादोन मीटरच्या आसपास खणतं, तीन टनाचं तीनच्या आसपास. माझे बहुतेक चर कमरेच्या वर जात नाहीत. तरी मला साडेतीन मीटर खणणारंच हवं होतं. का, ते विचारू नका.

दुसरा हट्ट मात्र रास्त होता. मशीन बिनशेपटीचं पाहिजे. म्हणजे झीरो टेल स्विंग: वरचं धड गोल फिरलं तरी मागचा भाग खालच्या पट्ट्यांच्या (ज्यांवर मशीन चालतं त्या) बाहेर जात नाही. यानमार या जपानी कंपनीने 1993 मध्ये असं मशीन आणलं, आणि भिंतीला खेटून काम करणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. ऑपरेटरचं सगळं लक्ष पुढे बकेटकडे, आणि प्रताप मागे चालू असतात. भाड्याच्या एका मशीनच्या पार्श्वभागाने माझ्या नावावर दोन कुंड्या आणि एका गिऱ्हाइकाच्या कंपाउंडचा कोपरा जमा केलेला आहे.

शेवटी एक जुनं मशीन विकायला आहे असं कळलं. सोबत मामांना घेतलं. मामा म्हणजे माझे नाहीत, सगळ्यांचेच. उभा जन्म पोकलेनवर गेलेला, बोलणं डिझेलच्या हिशेबाने.

मशीन पाहताक्षणी मी खूश. पिवळंधमक! मामा म्हणाले, "रंग फार मारलाय."

"चांगलंच आहे की."

"ग्रीस निपलवर पण मारलाय."

मी पुढे वाकून पाहिलं. पिना जिथे फिरतात तिथली ग्रीस भरायची इवलीशी बोंडं रंगाखाली गाडली गेली होती. म्हणजे रंग दिल्यापासून तिथे ग्रीसचा थेंब गेलेला नव्हता.

"बॉनेटला हात लावा," मामा म्हणाले. मी अख्खा तळवा टेकवला. चांगलंच गरम! जुनं इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं असतं. किती कुंथतं, धूर काळा येतो की निळा, ते तेव्हाच कळतं. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इथे आम्ही यायच्या आधीच कुणीतरी त्याला जागं करून, तोंड धुऊन बसवलं होतं.

"उन्हामुळे तापलंय, साहेब," मालक म्हणाले. मशीन शेडमध्ये उभं होतं.

मीटरवर 1,870 तास. मी वहीत लिहून घेतलं. मामांनी वाकून पेडल पाहिले. रबर कधीच गेलेलं, खालचं लोखंड ताटासारखं लखलखीत. "मीटर तरुण आहे," ते म्हणाले, "पाय म्हातारे आहेत."

मग त्यांनी बकेट जमिनीवर दाबून मशीनचं पुढचं अंग किंचित उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. मला म्हणाले, धड आणि पट्ट्यांच्या मधली फट बघा. वरचं धड भजनाला बसल्यासारखं डुलत होतं. फिरण्याची मधली मोठी रिंग झिजली की असं होतं, आणि ती बदलायची म्हणजे वरचं सगळं धड उचलून बाजूला ठेवायचं.

बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, वर करून इंजिन बंद केलं. मामांनी बूमच्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर, तो आत शिरतो तिथेच, पेनाने रेघ मारली. दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत मालकांनी आपलं प्रामाणिकपणाचं धोरण समजावून सांगितलं. ते संपलं तेव्हा रेघ आत गेलेली होती. वरती धरून ठेवणारं तेल कुठूनतरी निसटत होतं.

"हळूहळू खाली येतं, साहेब. म्हणजे कुणाला लागत नाही."

इथे निघायला हवं होतं. पण दोन महिने वाचलेलं वाया कसं जाऊ द्यायचं? मी चढलो, इंजिन सुरू केलं. डाव्या बाजूचा सेफ्टी लिव्हर वर असताना हायड्रॉलिक्स चालत नाहीत हे मला माहीत होतं, तो रुबाबात खाली केला. समोर मोकळं मैदान. पट्ट्या चालवणारे दोन्ही ट्रॅव्हल लिव्हर पुढे ढकलले आणि मशीन मागे निघालं.

मी आणखी जोरात पुढे ढकलले. मशीन आणखी जोरात मागे.

कारण एवढंच, की धड उलटं फिरवून ठेवलेलं होतं. ब्लेड, म्हणजे पट्ट्यांच्या पुढचं माती ढकलायचं पातं, माझ्या पाठीशी होतं. पट्ट्यांचं पुढे म्हणजे ब्लेडची दिशा. आपलं तोंड कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मालक खुर्चीतून वेळेवर उठले. खुर्ची प्लॅस्टिकची होती, तिला उठता आलं नाही. मी हात सोडल्यावर मशीन थांबलं, आणि मामा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

खुर्चीचे पैसे देऊन परतलो. वाटेत मामा एवढंच म्हणाले, "रंग चांगला होता."

घरी बायकोने दार उघडलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. मी हात पुढे केला तशी ती थबकली. गरम बॉनेटवरचा अर्धाकच्चा रंग बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत उतरला होता.

"झाले एकदाचे हात पिवळे?"

मी थिनरची बाटली शोधायला गेलो.