राणीछाप वीकेंड

न्यू जर्सीत ओळख झाली की माणूस 'कुठले तुम्ही?' असं विचारत नाही, 'कितवा एक्झिट?' असं विचारतो. आमचा १३१. गार्डन स्टेट पार्कवे ह्या हमरस्त्यावर बाहेर पडायच्या वाटांचे हे आकडे मैलांवरून पडलेत, म्हणजे रस्ता जिथे सुरू होतो तिथून आम्ही १३१ मैलांवर. आणि तो जिथे सुरू होतो, त्या एक्झिट झीरोला समुद्राकाठी केप मे नावाचं गाव आहे. ऑक्टोबरातला एकुलता एक मोकळा शनिवार-रविवार तिथे घालवू नये असं माझं मत होतं. मतदान झालं, मी दोन विरुद्ध एक असा पडलो.

माझ्या बायकोला, वर्षाला, तिथल्या व्हिक्टोरियन वीकेंडचा सुगावा लागला होता. जुनी घरं, जुने पोशाख, जुन्या पद्धतीचा चहा. आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, पैकी चार महिने त्यांनी कॉस्टकोचं दुकान आणि देऊळ ह्यांच्यामध्ये काढले होते. त्यांना काहीही चाललं असतं.

"व्हिक्टोरियन म्हणजे आपल्या राणीछाप रुपयातली का गं?" त्यांनी मागच्या सीटवरून विचारलं.

"हो, तीच."

"इथे आली होती ती?"

"नाही गं आई."

"मग राज्य होतं तिचं इथे?"

"ती गादीवर बसायच्या साठ वर्षं आधीच हे लोक स्वतंत्र झाले होते," मी म्हणालो.

"मग मिलिंदराव, तिचा ह्या गावाशी संबंध काय?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात टोलनाका आला. टोलनाक्याबद्दल मला प्रथमच कृतज्ञता वाटली.

संबंध फक्त नावापुरता आहे. त्या काळातल्या घरांच्या धाटणीला जगभर तिचं नाव चिकटलं. फिलाडेल्फियाचे पैसेवाले उन्हाळ्यात इथे हवा खायला यायचे. १८७८ च्या नोव्हेंबरात मोठी आग लागली आणि गावाच्या मध्यातली पस्तीसेक एकर जागा खाक झाली. मग लोकांनी पुन्हा घरं बांधली. वाफेच्या करवतींनी लाकडाची नक्षी स्वस्त केली होती, त्यामुळे ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने महिरपी, झालर, कंगोरे ठोकले. घरं गुलाबी, पिवळी, जांभळी. बर्थडे केक रांगेत मांडून ठेवल्यासारखी. १९७६ साली तर सरकारने अख्खं गावच राष्ट्रीय वारसा ठरवलं.

आम्ही उतरलो होतो तेही असंच एक घर. जिना करकरत होता. तिसऱ्या पायरीने तर मला नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. पलंग इतका उंच की चढायला शेजारी लाकडी चौरंग ठेवलेला. खिडकी अर्धी उघडून अडकली. भिंतीपलीकडचा सद्गृहस्थ घोरत होता, आणि पहाटे तीनला त्याने कूस बदलली तीही मला कळली. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो आणि लक्षात आलं, हे सगळं आपण आधी भोगलंय. साताऱ्याचा आमचा वाडा! तोच जिना, तसाच पलंग, तीच अडकलेली खिडकी, फक्त घोरणारे काका आपले. त्या वाड्याला कंटाळून आम्ही चुलत-चुलत मिळून अकरा जणांनी सह्या केल्या आणि तो बिल्डरला दिला. शिसवी पलंग भंगारवाला न्यायला तयार नव्हता, त्यालाच वर पैसे द्यावे लागले. इथे त्याच पलंगावर झोपायचे मी रात्रीच्या हिशोबाने पैसे मोजत होतो.

सकाळी एकाच लांबलचक टेबलावर सगळ्या पाहुण्यांनी बसून नाश्ता करायचा असतो. साडेआठ वाजता, अनोळखी माणसांशी, हसऱ्या चेहऱ्याने. सासूबाईंनी पर्समधून दशम्या आणि दाण्याची चटणी काढली. यजमानीणबाईंना त्यांनी अर्धी दशमी दिली आणि तिच्या बदल्यात घराचा सगळा इतिहास, छप्पर कुठे गळतं त्यासकट, काढून घेतला. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी बेताचं, पण गळणाऱ्या छपराला भाषा लागत नाही.

मग फिजिक ह्यांचं घर. १८७९ चं, अठरा खोल्यांचं. हे एम्लेन फिजिक डॉक्टर होते, आजोबा तर अमेरिकन शस्त्रक्रियेचे जनक मानले जातात. पण नातवाने आयुष्यात प्रॅक्टिस केली नाही. लग्नही केलं नाही. आई आणि मावशी ह्यांच्याबरोबर समुद्राकाठी राहिला.

"आमच्या बंडूसारखंच," सासूबाई म्हणाल्या. "फक्त बंडूकडे अठरा खोल्या नाहीत."

दीपगृहाला १९९ पायऱ्या आहेत. म्हणजे दोन पर्वत्या, सात पायऱ्या कमी, आणि त्याही गरगर फिरत. मी आणि वर्षा वर जाऊन आलो. वर वारा होता, त्यामुळे दृश्यापेक्षा टोपीकडे जास्त लक्ष होतं. सासूबाई खाली बाकावर बसल्या.

आम्ही उतरलो तेव्हा त्यांच्याभोवती दहा-बारा जणांचा घोळका होता. सणाच्या गावी जायचं म्हणून त्या इरकली नेसल्या होत्या, नाकात नथ, वर माझं जुनं स्वेटर. लोकांना वाटलं, ह्याही कार्यक्रमातल्याच. खालपर्यंत पोचणारे घेरदार झगे घातलेल्या दोन बायका त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. एकीने विचारलं, हा पोशाख कोणत्या सालचा?

"मागच्या दिवाळीचा," सासूबाईंनी सांगितलं, आणि मी भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावून 'वंडरफुल' म्हटलं. पुढे तासभर मी स्वेटर काढा म्हणून त्यांना विनवत होतो. निदान काळाशी सुसंगत तरी दिसावं. पण थंडी काळ पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटचा कार्यक्रम त्या काळच्या सुतकाविषयी होता. छोटं दालन, काळे झगे, काळे हातमोजे, गेलेल्या माणसाच्या केसांची गुंफण केलेले दागिने. काळ्या पोशाखातल्या बाईंनी सांगितलं की ही सगळी चाल राणीने घालून दिली. १८६१ मध्ये नवरा गेला आणि तिने काळा पोशाख चढवला, तो १९०१ मध्ये ती गेली तोवर उतरवला नाही. जवळजवळ चाळीस वर्षं. मी हळू आवाजात सासूबाईंना सांगत होतो. त्या अगदी गप्प झाल्या.

"म्हणजे बिचारी तेव्हापासून विधवाच?"

"हो."

"अहो मिलिंदराव, आमच्या घरात तीन राणीछाप आहेत. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात पहिले तेच ठेवतो. मी लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीला तिला हळदकुंकू वाहत्येय."

मला वाटलं, आता इथे प्रायश्चित्त विचारणार. काळ्या पोशाखातल्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मला ते सगळं इंग्रजीत सांगावं लागलं. दालन शांत झालं. त्या खोलीत, त्या गावात, कदाचित पार्कवेच्या १३१ मैलांत, राणीशी घरोबा असलेली ही एकटीच बाई होती.

सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग पर्स उघडली, दशम्यांचा डबा बाजूला सारून कुंकवाची डबी चाचपली आणि पुन्हा मिटली.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "तिच्या लोकांनी नाही, तर आम्ही तरी लावलं."