बदली वादकाला घाम फोडणारा कीबोर्ड कसा तयार करावा

स्टेज कीबोर्डातील आवाज स्वतः घडवून साठवण्याइतके कौशल्य तुमच्या अंगी आले असेल, तर ते दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडू नये याची काळजी घेणे हे तुमचे पुढचे कर्तव्य आहे. सुरुवात नावापासून करावी. बासरीचा पॅच, म्हणजे साठवलेला आवाज, तयार झाला की त्याला ‘न्यू’ म्हणावे, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, किंचित वाढवला की ‘न्यू टू’ आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळे मनासारखे जमले की ‘फायनल’. फायनलनंतर ‘फायनल वन’ येणारच असतो, त्यामुळे जुने काहीही पुसू नये. १९८३ साली आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ या कीबोर्डात ३२ आवाज मावत आणि प्रत्येकाच्या नावाला अवघी १० अक्षरे मिळत, म्हणून त्या काळच्या वादकांना अर्थपूर्ण नावे शोधण्याची कसरत करावी लागे. तुमच्याकडे शेकडो जागा आहेत. तुम्ही असला विचार करण्याचे कारण नाही.

आवाज वाद्यांप्रमाणे लावू नयेत आणि गाण्यांच्या क्रमाने तर मुळीच लावू नयेत. वेगवेगळ्या कीबोर्डांत एका क्रमांकावर एकच वाद्य वाजावे म्हणून केलेल्या जनरल मिडी या मानकाने १९९१ मध्ये १२८ आवाजांचे आठ-आठांचे १६ गट पाडले आणि सतार १०५ वर, सनई ११२ वर असे जगभरासाठी ठरवून टाकले, पण असली शिस्त कलावंताला शोभत नाही. यादी द्यावीच लागली, तर क्रमांक शून्यापासून मोजले आहेत की एकापासून, हे गुलदस्त्यात ठेवावे. त्या एका अंकाच्या फरकाने सतारीच्या जागी बँजो वाजतो आणि श्रोत्यांची विनामूल्य करमणूक होते.

हार्मोनियमचा पॅच पियानोच्या दुप्पट मोठ्या आवाजात ठेवावा. साउंडवाले बघून घेतील.

ट्रान्सपोज, म्हणजे बोटे त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर वर-खाली सरकवण्याची सोय, मात्र न विसरता पॅचच्या आतच साठवावे आणि त्याचा नावात उल्लेख करू नये. या युक्तीचा प्रत्यय मला परवाच एका भावगीतांच्या कार्यक्रमात आला. नेहमीचे वादक दुसरीकडे अडकल्यामुळे त्यांच्याच कीबोर्डावर बसण्याचा मान मला मिळाला होता. गायिकेची पट्टी काळी चार. तिने आलाप संपवला, मी काळी चारवर बोट ठेवले आणि सभागृहाला पांढरी तीन ऐकू आली. तबलावादक माझ्याकडे वळून पाहू लागले, गायिकेने सौजन्याने पुन्हा षड्ज लावला, मी पुन्हा तीच पट्टी दाबली आणि वाद्याने पुन्हा पांढरी तीनच दिली. ट्रान्सपोजचा दिवा बंद, पडद्यावर केवळ ‘फायनल वन’. स्वतःला पांढरी एकमधूनच वाजवता यावे म्हणून या गृहस्थांनी पॅचच्या पोटात वजा चार, म्हणजे चार अर्धस्वर खाली, असे पुरून ठेवले होते! नावापुढे एक उणे चिन्ह आणि एक आकडा लिहायला असा कितीसा वेळ लागतो? रात्र-रात्र बसून फिल्टर फिरवायला, दोन संतूर एकमेकांवर चढवायला, पट्ट्यांची दोन आवाजांत वाटणी करणारा स्प्लिट कुठे करायचा यावर वाद घालायला वेळ असतो. दोन अक्षरे लिहायला नसतो. कार्यक्रमानंतर फोनवर विचारले, तर उत्तर मिळाले, “अहो, माझ्या लक्षात असतं सगळं.”

बॅकअप घेऊ नये, हेही सांगणार होतो, पण पुरे.

तुमच्या लक्षात असते, हा काही गुण नव्हे. मंचावरच्या अंधारात तो चिमुकला पडदा वाचणाऱ्या माणसाला तुमच्या डोक्यात शिरता येत नाही. कॉर्गने २०११ मध्ये आणलेल्या क्रोनॉस या कीबोर्डात गाण्यांच्या क्रमाने सेट लिस्ट लावता येते आणि प्रत्येक जागेला टिपण जोडता येते. तुमचे वाद्य त्याहून स्वस्त असेल, तर एक कागद आणि चिकटपट्टी पुरते. पॅचला वाद्याचे नाव द्या, गाण्याचा पहिला शब्द द्या, ट्रान्सपोज केले असेल तर आकडा द्या, आणि सर्व पॅच एकामागून एक वाजवून त्यांच्या आवाजाची पातळी सारखी करा. बदली वादकाला तुम्ही मानधनातला अर्धाच वाटा देता आणि चारचौघांतली नाचक्की मात्र पूर्णच्या पूर्ण त्याच्या पदरात टाकता, याची थोडी तरी लाज बाळगा. एवढे करायला सवड नसेल, तर बदली वादक शोधू नका. आयोजकांना स्वतः फोन करा आणि कार्यक्रम का होणार नाही, हे तुमच्याच तोंडाने सांगा.