झापलं म्हणून वर आला?

आज पोराच्या शाळेत पालकसभा होती. दुपारी दीडची वेळ, ऑक्टोबरचं ऊन, पंखे नुसतेच फिरतायत. सहामाहीचे पेपर दाखवून झाले आणि मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. "सर, तुम्ही यांना चांगलं झापत जा. दोन ठेवूनही द्या, आमची परवानगी आहे. मी पाहून राहिलो न, कौतुक केलं की माझा पोट्टा पुढच्या पेपरात खाली येतो. झापलं की वर जातो. दरवेळी. माझा अनुभव आहे हा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनीही. शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, कलम १७, हे त्या खोलीत कुणाच्या गावीही नव्हतं.

मी विचारलं, "भाऊ, पेपर वाईट गेला आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, असं एकदा तरी करून पाहिलंय का?"

"मॅडम, अनुभवापुढे पुस्तक नाही चालत."

हशा. मग सर म्हणाले, "मॅडम सायकॉलॉजीच्या आहेत न!" आणखी मोठा हशा.

घरी येईपर्यंत वर्धा रोडभर मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते. सिग्नलला बाजूचा ऑटोवाला वळून पाहायला लागला, म्हणजे बहुतेक मनातल्या मनात नसावं.

तर आता इथे भांडते. पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

'झापलं की वर जातो' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या घरी. माझ्या बाबांचं होतं. बाबांची एक डायरी होती, कुठल्याशा बँकेची फुकट मिळालेली, तपकिरी रेक्झिनची. त्यात माझे गणिताच्या चाचण्यांचे मार्क. पन्नासपैकी. आकड्यापुढे बाबांचा शेरा. ४१, 'कौतुक केले, श्रीखंड आणले.' पुढची चाचणी २९, 'झापले.' मग ३६. मग २८, 'झापले.' मग ३७. मग ४३, 'कौतुक.' मग ३१. मग २५, 'झापले. रात्री.' मग ३६.

हिशोब करा. तीनदा झापलं, तिन्ही वेळा वर. दोनदा कौतुक, दोन्ही वेळा खाली. पाचपैकी पाच! आजच्या त्या गृहस्थांकडे तर डायरीसुद्धा नव्हती. बाबा ती डायरी पुढ्यात ठेवून सांगायचे, "हे बघ, लिहिलेलं आहे. तुझ्या डोक्यात गोड बोललेलं शिरत नाही." आणि मी मान्य करायचे. पुरावाच होता न समोर. मी कौतुकाच्या लायकीची पोरगी नाही हे मला तेराव्या वर्षी आकडेवारीनिशी पटलेलं होतं.

ते 'रात्री' म्हणजे काय, ते मी इथे लिहिणार नाही. मारलं नाही. एवढंच की त्या दिवशी जेवायला साडेदहा वाजले होते.

पुढे बीएला मानसशास्त्र घेतलं, आणि संशोधन पद्धतीच्या तासाला मॅडमनी कानमनची गोष्ट सांगितली. डॅनियल कानमन, म्हणजे ते मानसशास्त्रज्ञ ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवायला गेले होते. सांगत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस जास्त शिकतो. एक जुना प्रशिक्षक उठला नि म्हणाला, साफ चूक. एखाद्यानं झकास कसरत केली आणि मी कौतुक केलं, की पुढची कसरत बिघडते. वाईट केली नि मी ओरडलो, की सुधारते. म्हणजे शब्दश: माझे बाबा, फक्त विमानात.

कानमननी काय केलं? जमिनीवर खडूनं खूण केली आणि त्या प्रशिक्षकांना पाठ करून, न बघता, दोन-दोन नाणी खुणेकडे फेकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं जवळ पडलं होतं, त्यातल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. पहिलं लांब पडलेल्यांचं दुसरं जवळ आलं. कुणी कुणाला झापलं नव्हतं.

हे मी आता दरवर्षी वर्गात करते. (तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा 'दरवर्षी' म्हणजे जेव्हा बोलावतात तेव्हा.) फरशीवर खडूनं वर्तुळ, प्रत्येकाकडे दोन रुपयांची नाणी. ज्याचं नाणं जवळ पडलं त्याला मी 'शाब्बास राजा' म्हणते, ज्याचं लांब गेलं त्याला 'नालायका, काहून आला बे कॉलेजात!' पोट्टे खिदळतात. मग दुसरं नाणं. झापलेले सुधारतात, शाबासकीवाले बिघडतात. मग मी विचारते, नाण्याला राग आला होता का? वर्ग शांत होतो. त्या दोन मिनिटांसाठी मी ही नोकरी करते, पगारासाठी करत असते तर केव्हाच सोडली असती.

याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे मध्यमानाकडे परतणं. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये मांडलं होतं, आईबापांची आणि मुलांची उंची मोजून: फार उंच आईबापांची मुलं उंच खरी, पण सरासरीनं त्यांच्याइतकी नाहीत. मार्कांचंही तसंच. कुठलाही मार्क म्हणजे थोडं तुमचं आणि थोडं त्या दिवसाचं. नेमका केलेला धडा आला, झोप झाली, तपासणाऱ्याचा मूड बरा, की ४३. हे सगळं लागोपाठ दोनदा जुळत नाही. म्हणून फार वरचा बहुधा खाली येतो, फार खालचा वर जातो. आणि आपण झापतो कधी? तो अगदी तळाला असतो तेव्हाच! तिथून वर जाण्याचीच शक्यता जास्त, तुम्ही झापा नाहीतर टेकडीच्या गणपतीला नारळ फोडा.

मग झापल्यानं खरंच काही झालं का हे ताडून पाहायला न झापलेला गट, म्हणजे नियंत्रित गट, कुठून आणायचा? इथेच सगळे अडतात. प्रथम वर्षाची पोरंही मला म्हणतात, "मॅडम, सांख्यिकी ऑप्शनला टाकली तर चालेल न? फ्रॉइड आहे न." फ्रॉइड आहे. स्वप्नं आहेत. नियंत्रित गटाचं एक पान मात्र जड जातं!

माझा नियंत्रित गट घरातच होता. मी नववीत असताना बाबांची गोंदियाला बदली झाली. महिन्यातून एकदा यायचे. डायरी चालू ठेव म्हणून आईला बजावून गेले होते. आईनं चालू ठेवली. त्या पानावर तिच्या गोलगोल अक्षरात नुसते आकडे आहेत. ३८, २७, ३५, ४१, ३०. शेरा नाही. बाबा आले की ती म्हणायची, "बरं चाललंय तिचं," आणि डायरी काही काढायची नाही.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना ही डायरी माळ्यावर सापडली. आलेखाचा कागद घेऊन बसले. गोंदियाच्या काळातही ३८ नंतर २७, ४१ नंतर ३०, आणि २७ नंतर आपोआप ३५. दोन्ही काळांची सरासरी काढली तर ३४ च्या आसपास. दोन्ही! म्हणजे श्रीखंड आणलं तरी मी चौतिसची, रात्र जागवली तरी चौतिसची. रडले त्या दिवशी. आलेखाच्या कागदावर कुणी रडतं का? मी रडले.

हो, मान्य. काही पोरं झापल्यावर खरंच अभ्यासाला बसतात. बसतात. पुढे.

आणि हेही मान्य की मानसशास्त्र काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातलेच १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर ३६ टक्क्यांमध्येच पूर्वीसारखा ठोस निष्कर्ष निघाला. लाज वाटावी असा आकडा आहे. पण तो मोजला कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच. आपल्याच घरात खडू घेऊन वर्तुळ काढलं. अनुभववाले कधी काढतात का असं वर्तुळ? २००८ मध्ये जयंत नारळीकर, दाभोलकर वगैरे मंडळींनी ज्योतिष्यांसाठी काढलं होतं. २०० मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका, कुठली कोणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर चार टक्के जास्तच मिळाले असते. त्या सत्तावीस जणांकडे अनुभव काय कमी होता?

एवढं लिहून मघाशी उठले, पाणी प्यायले, आणि जरा ओशाळले. कारण मीही एक वाक्य वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले आहे: बाबांच्या ओरडण्यानं माझ्या मनात गणिताची भीती बसली. माझा अनुभव आहे हा! आता माझ्या धाकट्या भावाकडे बघा. त्याच्यावर बाबांनी कधी आवाज चढवला नाही, शेंडेफळ न. तो आजही दुकानातली उरलेली चिल्लर मोजायला मोबाईल काढतो. मग माझी भीती कुठून आली? बाबांकडून? की आमच्या दोघांच्या नशिबी गणिताला एकच बाई होत्या, त्यांच्याकडून? दोन पोरांवरून काय ठरणार. चौदा चाचण्यांवरून तरी काय ठरणार म्हणा. वर्गातल्या कुणी असा प्रकल्प दिला तर मीच लाल पेन काढीन.

पण बाबांना मी तो आलेख कधी दाखवला नाही. आधी भीती वाटायची म्हणून. मग त्यांचं वय झालं म्हणून. त्या माणसानं प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या होत्या, हे कुठेतरी खातं मला. तारखेसकट. खोटा एक आकडा नाही. बाबांना वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. हवाई दलातल्या माणसाला वाटलं. आजच्या त्या भाऊंनाही वाटलं, आणि त्यांनाही त्यांच्या लहानपणी कुणीतरी असंच पुढ्यात उभं करून ऐकवलं असणार. अर्थात म्हणून 'दोन ठेवून द्या' माफ होत नाही. नाहीच होत.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा दिवाणखान्यात बसले होते. एकोणऐंशी पूर्ण झालीत. ऐकू कमी येतं, पण नातवाचे मार्क बरोबर ऐकू येतात.

"गणितात किती?"

"बावीस. पन्नासपैकी." मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. पोरगा दाराशी बूट हातात धरून उभा.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "येतील वर. त्याला जेवू दे आधी."

सात वाजले होते.