‘फील्ड टाकून ठेवा, नंतर बघू’ हे का चालत नाही

लॉग पाइपलाइनवर काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘हाताशी असेल ते सगळं इव्हेंटमध्ये टाका. टाइप इलास्टिकसर्च आपोआप ओळखतं, चुकलंच तर नंतर बदलता येतं, आणि स्टोरेज स्वस्त आहे.’ (इव्हेंट म्हणजे लॉगमधली एक नोंद, फील्ड म्हणजे तिच्यातली नाव दिलेली एकेक माहिती, टाइप म्हणजे त्या माहितीचा प्रकार, आकडा की मजकूर; आणि इलास्टिकसर्च म्हणजे या नोंदी साठवून त्यांत शोधू देणारा डेटाबेस.) मला हा सल्ला घातक वाटतो.

आधी टाइपचं घेतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. आपोआप ओळखणं म्हणजे काय, तर ते फील्ड घेऊन इंडेक्समध्ये (इव्हेंटच्या संचात) जो इव्हेंट पहिला पोचेल, त्यावरून टाइप ठरतो. समजा एक सर्व्हिस ‘ड्युरेशन’मध्ये २०० पाठवते आणि दुसरी ‘२०० एमएस’. २०० आधी आलं की फील्ड लाँग (पूर्णांक) झालं. अवतरणचिन्हांतलं ‘२००’ही मग चालून जातं, त्यामुळे टेस्टिंगमध्ये शंका येत नाही. ‘२०० एमएस’ आलं की मात्र, डिफॉल्ट सेटिंग असेल तर, अख्खा इव्हेंट नाकारला जातो. नुसतं ते फील्ड गळत नाही. एरर मेसेज, ट्रेस आयडी, सगळं जातं. दुसऱ्या दिवशी नवा इंडेक्स सुरू होतो, त्यात ‘२०० एमएस’ पहिलं लागतं, फील्ड टेक्स्ट होतं, आणि सरासरी दाखवणारं पॅनेल बंद पडतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस ॲप्लिकेशनमध्येच चूक शोधत होतो.

‘नंतर बदलता येतं’ हेही खरं नाही. असलेल्या फील्डचा टाइप जागच्या जागी बदलत नाही. नव्या मॅपिंगचा (कोणत्या फील्डला कोणता टाइप, ती यादी) इंडेक्स बनवून रीइंडेक्स करावं लागतं, म्हणजे जुने इव्हेंट त्यात पुन्हा भरावे लागतात. आणि जे इव्हेंट आत आलेच नाहीत, ते रीइंडेक्स कुठून करणार? लॉगस्टॅशमध्ये (इव्हेंट इलास्टिकसर्चकडे पाठवणारं टूल) असे इव्हेंट बाजूला ठेवणारी डेड लेटर क्यू आहे, पण ती मुळात बंद असते.

खर्चाचा हिशेब फक्त डिस्कचा नाही. आपोआप आलेली प्रत्येक स्ट्रिंग (मजकूर) टेक्स्ट (शब्दांनुसार शोधण्यासाठी) आणि कीवर्ड (जशीच्या तशी) अशी दोनदा इंडेक्स होते. एका इंडेक्सला फील्डांची डिफॉल्ट मर्यादा १००० आहे, आणि कुणी युजर आयडीलाच फील्डचं नाव केलं की ती बघता बघता संपते. लोकीत (लॉग साठवणारं दुसरं टूल) दुखणं वेगळं: लेबलच्या (इव्हेंटला लावलेली खूण) प्रत्येक नव्या मूल्याला नवी स्ट्रीम (इव्हेंटचा वेगळा गट) बनते, म्हणून दर वेळी बदलणारा रिक्वेस्ट आयडी लेबलमध्ये कधीच टाकू नये.

फाइलबीट (लॉग फाइली वाचून पुढे पाठवणारं टूल) कस्टम फील्ड मुद्दाम ‘फील्ड्स’ या नावाखाली ठेवतं. नाव लांब दिसतं म्हणून अनेक जण ‘फील्ड्स_अंडर_रूट’ (ती फील्डं थेट वरच्या पातळीवर आणणारं सेटिंग) चालू करतात. मग तुमचं ‘होस्ट’ फाइलबीटच्या ‘होस्ट’वर बसतं, आणि तिथे ऑब्जेक्ट (उपफील्डांचा गट) अपेक्षित असताना साधी स्ट्रिंग पोचली की इव्हेंट पुन्हा बाहेर.

सल्ल्यातला एक धागा मला मान्य आहे: एन्व्हायर्नमेंट, सर्व्हिसचं नाव, डिप्लॉय झालेली व्हर्जन ही माहिती उगमाशीच जोडायला हवी. ती मागाहून कळत नाही. पण ही मोजकी फील्डं आहेत. त्यांची नावं आधी ठरवा, मॅपिंग हाताने लिहा, एकक नावातच घाला: ‘ड्युरेशन_एमएस’. ज्यांच्या कीज (आतल्या फील्डांची नावं) आधी सांगता येत नाहीत ते सगळं एकाच फ्लॅटन्ड फील्डमध्ये (अख्खा ऑब्जेक्ट एकच फील्ड धरणारा टाइप) जाऊ द्या, इलास्टिकसर्च ७.३ पासून ती सोय आहे.