सांधे दुखतात म्हणून कुठलाही डॉक्टर चालत नाही

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की सांधेदुखी वयाची असते, आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह असेल तर काळजी नको, आणि दाखवायचंच असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा नाहीतर पाच-सहा डॉक्टर बसतात अशा मोठ्या क्लिनिकमध्ये जा, तिथं कुणीही तपासलं तरी एकच. यावर विसंबून माणसं महिनोन्‌महिने घालवतात, म्हणून हे लिहितेय.

वयाचं आधी. गुडघे वयानुसार झिजतात, खरं आहे. पण संधिवाताचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि त्यातले काही लहान मुलांनाही होतात. माझ्या बहिणीला त्यातलाच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला तेव्हा ती 36 वर्षांची होती. सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवता येईना. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मूठ वळेना, तास-दीड तासानं हात जरा सैल व्हायचे. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. तो रोज त्याहून लांबत असेल, सोबत सूज असेल, तर थांबू नका.

आरए फॅक्टरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. ऱ्हुमॅटॉइड असलेल्या साधारण 20 ते 30 टक्के लोकांत तो निगेटिव्हच येतो. बहिणीचाही आला, तिला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि त्यात पाच महिने गेले. उलट काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत तो पॉझिटिव्ह सापडतो. रोगाचं निदान सांधे दाबून, सूज पाहून, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या असं सगळं जुळवून होतं.

हाडांचे डॉक्टर सर्जन असतात. फ्रॅक्चर असो की गुडघा बदलणं, तिथं त्यांना पर्याय नाही. पण ऱ्हुमॅटॉइडमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते, आणि तिला औषधांनी आवरणं हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे संधिवाततज्ज्ञाचं काम. सांध्याला सूज आल्यापासून 6 आठवड्यांत त्यांनी रुग्णाला पाहावं आणि दुखणं कायम राहण्याचा धोका असेल तर 3 महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावं, अशी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. एकदा झिजलेलं हाड औषधानं भरून येत नाही, म्हणून ही घाई.

आता ते मोठं क्लिनिक. त्याला ग्रुप प्रॅक्टिस म्हणतात, म्हणजे अनेक डॉक्टरांनी जागा, स्टाफ आणि फाईल्स एकत्र ठेवून चालवलेलं काम. सोय मोठी आहे: आपले डॉक्टर रजेवर असले तरी फाईल उघडून बघणारं कुणीतरी असतं, कधी फिजिओथेरपिस्टही तिथंच भेटतो. पण बाहेर ‘आर्थ्रायटिस’ची पाटी आहे म्हणून आत ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट असतीलच असं नाही. फोनवरच विचारा: मला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय, त्यांचं शिक्षण ऱ्हुमॅटॉलॉजीतलं आहे का, पुढच्या वेळी तेच भेटतील का, आणि माझे रक्ताचे रिपोर्ट कोण वाचणार?

शेवटचा प्रश्न सोडू नका. मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइडवरचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. ते चालू असताना रक्तपेशी आणि लिव्हर ठरावीक दिवसांनी तपासावे लागतात. दर खेपेला नवा डॉक्टर समोर असेल तर मागच्या तीन रिपोर्टांत लिव्हरचा आकडा थोडा थोडा चढत आलाय, हे नजरेतून सुटू शकतं.

बहिणीची फाईल आज चार वर्षं अशाच एका ग्रुपमध्ये, एकाच डॉक्टरांकडे आहे. झाकण ती आता स्वतः उघडते. उजव्या हाताची मधली दोन बोटं मात्र पूर्ण सरळ होत नाहीत.