कोल्हापूरएवढंच की!

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी लेकीकडं सॅन फ्रान्सिस्कोला निघालो तेव्हा आईनं एकच धोशा लावला, "किती लांब हाय रे ते?" मोबाईलवर बघितलं, बेंगळुरूपासून 14,000 किलोमीटर. पण आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये नाही, कोल्हापूरमध्ये मोजतात. बेळगाव-कोल्हापूर 110 धरा, म्हणजे अंबाबाईला 63 वेळा जाऊन यायचं आणि 64व्या खेपेला तिथंच राहायचं.

आई म्हणाली, तास सांग.

इथंच माझं चुकलं. थेट विमान हाय, दुपारी दोनला सुटतंय आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारला पोचतंय असं मी सांगून बसलो. "मग अडीच तासच की! कोल्हापूरएवढंच. उगंच 14,000 म्हणून भ्या दाखवतोस." आता तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतंय, विमानात खरे 16 तास जातात, हे मी बटाटा आणि टॉर्च घेऊन समजावलं. बटाटा संध्याकाळी भाजीत गेला. वर परत येताना 17 तास लागतात म्हटल्यावर तिनं विचारलं, "येताना चढ हाय काय?" खरं म्हणजे हायच, वाऱ्याचा. वर उंचावर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहतंय, जाताना पॅसिफिकवरून ते पाठीशी, येताना तोंडावर. आणि ते 14,000 सुद्धा पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं, तो दोरा पार सायबेरियाच्या उत्तर काठापर्यंत वर जातोय, विमान मात्र वारं बघून लांबून जातंय. हे मी आईला सांगितलं नाही, घरात बटाटे संपले होते.

पण खरा प्रवास वेगळाच. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं बेंगळुरूला तासाभरात विमान जातं, पण त्याची वेळ जुळंना, म्हणून रात्रीची बस. आठला घर सोडलं, तर गावात 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात तिथं गेट पडलेलं! मालगाडी अशी सावकाश चाललेली की डबे मोजून झाले, रिक्षावाल्याची तंबाखू मळून झाली, माझ्या मांडीवर कुंद्याच्या मिठाईचा डबा आणि पोटात गोळा. नऊची बस कशीबशी गाठली, सकाळी सातला बेंगळुरू, तिथनं ट्रॅफिकमधून देवनहळ्ळीचा विमानतळ गाठेस्तोवर साडेनऊ, मग लायनी, बेल्ट काढा, बूट काढा, कुंदा उघडून दाखवा. हिशेब करा, पहिल्या 500 किलोमीटरला 18 तास आणि पुढच्या 14,000ला 16.

उतरल्यावर पहिला फोन आईला. बेळगावात सकाळचे सहा.

"पोचलो गं."

"कवा?"

"आत्ताच, संध्याकाळी साडेचारला."

"संध्याकाळ कुठली रे, अजून दूध यायचंय."

"अगं, इथं अजून कालचीच संध्याकाळ हाय."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "काल पोचलास, आणि फोन आज करतोस व्हय रे?"