कर्ण काढा, पण आपल्या पद्धतीनं

भावांनो, काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. दहावीत पायथागोरसचं हे प्रमेय झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येतं. पुढं काय करायचं, ते आमच्याकडून शिका.

बाजू 3 आणि 4. वर्ग 9 आणि 16, मधे अधिक, दोघांवर मिळून एकच वर्गमूळ. बेरीज कसली करताय? वर्गमूळ दोघांना वाटून टाका. 3 अधिक 4, कर्ण 7! पुस्तक 5 म्हणतं, म्हणू दे. 3, 4, 7 चा त्रिकोण काढायला गेलात तर तो सपशेल आडवा पडून नुसती रेघ उरते, म्हणजे वहीतली जागाही वाचली. या हिशोबानं कोल्हापूरचं गांधी मैदान तिरपं तुडवलं काय नि कडेकडेनं गेलं काय, चाल तेवढीच. शिवाजी पेठेत आजवर तिरपी गेलेली माणसं खुळीच म्हणायची.

वर्ग म्हणजे दुप्पट, हे तर सांगायलाच नको.

खरी मजा कंसात. एक बाजू क्ष, दुसरी क्ष + 7, कर्ण 13. (क्ष + 7)² म्हणजे क्ष² + 49. मधलं 14क्ष? त्याला बोलावलंय कुणी! ते गाळलं की क्ष² = 60. बाजू आल्या सुमारे 7.75 आणि 14.75. बाजू कर्णापेक्षा लांब, नाद खुळा!

ज्यांनी 14क्ष ठेवलं, ते बसलेत क्ष² + 7क्ष − 60 = 0 चे अवयव पाडत. मिळालं काय, तर 5 आणि उणे 12. त्यातलं उणे 12 ही पोरं टाकूनही देतात. तुम्ही टाकू नका, घाम गाळून काढलंय. उणे 12 सेंटीमीटर पट्टीच्या मागच्या अंगानं मोजा.

कुणी चूक काढलीच तर विषय बदला. हे प्रमेय बौधायनाच्या शुल्बसूत्र या प्राचीन संस्कृत ग्रंथातही आहे, एवढं म्हटलं की वाद तिकडं वळतो आणि तुमचं वर्गमूळ सुटतं.

एवढं सगळं जमलं की एखाद्या बांधकामावर जा. गवंडी पाया गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायला एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करतो आणि तिरपं 5 भरतंय का बघतो. त्याला म्हणा, मामा, 7 भरायला पाहिजे. मग तो जे बोलेल ते अस्सल कोल्हापुरी असेल, इथं छापता येणार नाही.